मेटकरी मामा आणि मामींची झाडं

सीताफळाला फूल येतं हे मेटकरी मामांना वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं, आणि कळल्याबरोबर त्यांनी मला हाक मारली. जून महिना होता, कॉलेज नुकतंच सुरू झालेलं. मी डबा भरत होते.

"मॅडम! आवं मॅडम! जरा या की भिंतीशी."

मला वाटलं, मामींना काही झालं. तव्यावरची पोळी तशीच टाकून मी धावले. कंपाउंडच्या भिंतीपलीकडं मामा सीताफळाची एक फांदी दोन बोटांत धरून उभे होते. पानांखाली हिरवट, जाडसर तीन पाकळ्यांचं काहीतरी खाली मान घालून लोंबत होतं.

"हे काय हाय?"

"फूल दिसतंय."

"तुमाला म्हाईत हुतं? सीताफळाला फूल येतं म्हून?"

मी जीवशास्त्र शिकवत नाही, गणित शिकवते. पण फळ आहे म्हणजे फूल असणारच, एवढं माहीत होतं. तसं मी म्हणाले.

"ते व्हय. पर बगितलं हुतं का?"

बघितलं नव्हतं. बाजारातून आणलेली सीताफळं पन्नास तरी पावसाळे खाल्ली असतील, पण फूल कधी बघितलं नव्हतं. मामांनी मान हलवली. "मी बी न्हाई. दारात झाड हाय, पंचवीस वर्सं झाली. तरी न्हाई."

साताऱ्याच्या बाहेर, जिथून किल्ल्याची पाठ दिसते अशा वसाहतीत मामांचं घर होतं आणि त्याला लागून माझं भाड्याचं. मामा मूळचे आटपाडीकडचे. वडील मेंढरं घेऊन आठ-आठ महिने रानोमाळ हिंडायचे. मामांनी मेंढरं सोडली, पण हिंडणं सोडलं नाही. एकतीस वर्षं एस.टी. चालवली. रातराणी, जत्रेच्या जादा गाड्या, लग्नसराईची धावपळ, सगळं केलं. मी त्या वसाहतीत राहायला गेले तेव्हा ते निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती आणि त्या तीन वर्षांत ते एकदाही साताऱ्याबाहेर गेले नव्हते. मामींना विसरायचा आजार झाला होता.

शालनमामी अंगानं बारीक, चेहऱ्यानं प्रसन्न. पहिल्या भेटीत कुणाला काही कळलंही नसतं. दुसऱ्या मिनिटाला त्या पुन्हा नाव विचारायच्या, तिसऱ्या मिनिटाला पुन्हा. महिना, वार, जेवण झालं की नाही, पुण्याला असलेल्या मुलाचं नाव, हे सगळं येत-जात असे. मामांना त्या कधी ओळखत, कधी नाही. आणि फाटक उघडं दिसलं की बाहेर पडत. एकदा तीन गल्ल्या पलीकडं एका अनोळखी बंगल्याच्या आवारात सापडल्या. तिथल्या पेरूच्या पानांवरची पांढरी कीड पदरानं पुसत बसल्या होत्या आणि घरमालकीण बाई आरडाओरडा करत होती. मामा सायकल घेऊन दोन तास शोधत होते. त्या दिवसापासून फाटकाला कुलूप लागलं. मामींनी किल्ली काढून घेऊ नये म्हणून मामांनी ती करदोट्याला बांधली.

"मेंढरं कोंडत्यात तशी दोघं कोंडलोय," ते म्हणायचे. मी जाता-येता "काय मामा, कसं काय?" विचारलं की उत्तर ठरलेलं असे : "हाय हितंच. जातोय कुठं?" हे हसून म्हणायचे, पण त्यातलं हसू महिन्या-महिन्यानं कमी होत गेलेलं मी पाहिलं आहे.

पहिल्या वर्षी झाडांशी त्यांचं काही नातं नव्हतं. बाग मामींची होती. तीन गुंठ्यांत घर सोडून उरलेल्या जागेत एक कोयीचा आंबा, चिकू, दोन पेरू, लिंबू, सीताफळ आणि मोरीच्या पाण्यावर वाढलेली पपई. मामा ड्युटीवर असायचे आणि मामी या जागेत. एकतीस वर्षं त्याही इथंच होत्या, हे मामांच्या लक्षात यायला बराच उशीर झाला.

झाडांची सुरुवात झाली ती त्यानंतरच्या शिमग्यात, म्हणजे फुलाच्या आधी तीन-चार महिने. सीताफळाची पानं पिवळी पडून गळायला लागली. पंधरा दिवसांत झाड नुसता काड्यांचा झाडू झालं. मामांनी आधी पाणी वाढवलं, मग शेणखत आणून घातलं, मग मुळाशी खणून पाहिलं. काही फरक पडेना. शेवटी एका सकाळी कुऱ्हाड घेऊन आले. मेलेलं झाड दारात नको, वाळवी घरात शिरेल, असं त्यांचं म्हणणं होतं. मी भिंतीवर ओल्या चादरी टाकत होते, म्हणून पुढचं सगळं मला दिसलं.

मामी पायरीवर बसल्या होत्या. कुऱ्हाड दिसल्याबरोबर त्या उठल्या, झपाझपा चालत आल्या आणि खोडाला पाठ लावून खाली बसल्या.

"शालन, ऊठ. लागंल."

त्या उठेनात.

"आगं मेलंय ते."

"झोपलंय," मामी म्हणाल्या. आवाज अगदी स्वच्छ होता. "दर साली झोपतंय. पाणी कशापायी घालताय? उठवू नगा."

मामा कुऱ्हाड हातात घेऊन उभेच राहिले. सकाळपासून त्यांना तीनदा "तुमी कोण?" विचारणारी बाई होती ती. त्यांनी हळूच विचारलं, "मग उठतंय कवा?"

"वळीव पडला की."

आणि वळीव पडल्यावर ते उठलं. त्या काड्यांना पोपटी कोंब फुटले, पानं आली, आणि जूनमध्ये ते फूल. म्हणून माझी पोळी तव्यावर जळेपर्यंत मला भिंतीशी उभं राहावं लागलं होतं.

"उन्हाळ्यात मी कवा घरी असायचो?" मामा त्या दिवशी म्हणाले. "शिमग्यापासनं जत्रा, मग लगीनसराई, मग सुट्ट्या. चार-चार दिवस घरी न्हाई. आलो तरी झोपायला. झाडाची पानं गेली का आली, कोण बगतंय?"

मग मात्र त्यांनी बघायचं ठरवलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. भिंतीवर दुधाचा हिशोब लिहायचं जे कॅलेंडर असतं, त्याच्या चौकटींत ते झाडांचं लिहू लागले. अक्षर मोठं आणि ओबडधोबड. 'पेरू पयली कळी.' 'चिकू फूल.' 'कैरी गळ लय.' सकाळी नऊ-दहापर्यंत मामींचं डोकं जरा निवळ असे. तेवढ्या वेळात ते त्यांना एकेका झाडापाशी नेत आणि एसटीत नवा लागलेला माणूस जुन्याला विचारतो तसं विचारत. ह्याला छाटायचं कवा? हे फळ उतरवायचं कशावरनं वळखायचं? मुलाचं नाव न सांगू शकणाऱ्या मामी तेवढं सांगत. चिकूला नखानं जरासं खरवडायचं, खाली हिरवं दिसलं तर राहू द्यायचं. सीताफळाचे डोळे उघडले, खाचा पांढरट झाल्या, की काढायचं. लिंबाला फार माया करायची नाही, माजतंय.

आंब्याच्या मोहरानं ते हैराण झाले. झाडभर मोहर, त्यातला बहुतेक खाली, मग हरभऱ्याएवढ्या कैऱ्या, त्याही खाली, मग सुपारीएवढ्या. रोज सकाळी मामा झाडलोट करताना मला ऐकू येई, "गेल्या. ह्या बी गेल्या." मला म्हणाले, "मॅडम, डेपोत एवढी गळती असती तर चौकशी लागली असती." हिवाळ्यात पपई कोसळली. तीन वर्षं भरभरून फळं दिली होती, शेंड्याकडून कुजली आणि एका रात्रीत आडवी झाली. मामी म्हणाल्या, "तेचं तेवढंच असतंय," आणि आडव्या खोडावरून पाय टाकून पलीकडं गेल्या.

हे वाचून कुणाला वाटेल की मामांना बागेत रस सापडला आणि दिवस सुखाचे झाले. तसं काही झालं नाही. दिवस मोठे होते. मामी एकच प्रश्न पन्नास वेळा विचारत, संध्याकाळ झाली की रडत, अंघोळीला नकार देत, कधी चिडून चावत. मामांच्या मनगटावर मी दातांचे व्रण पाहिले आहेत. मामाही ओरडत. भिंतीपलीकडून ऐकू येई. एकदा ताट आपटल्याचा आवाज आला आणि मग फार वेळ काहीच नाही. दुसऱ्या दिवशी माझ्याकडं न बघता म्हणाले, "रागानं डोळं फिरत्यात कवाकवा." मुलगा विनायक पुण्याहून महिन्यातून एकदा यायचा. त्यानं पडवीत कॅमेरा बसवून दिला, मोबाईलवर आई-वडील दिसावेत म्हणून. हेतू चांगलाच होता. मामा म्हणाले, "कोंडवाड्याला आता डोळा बी आला."

पुढच्या जानेवारीत एका दुपारी वर्गात माझा फोन थरथरला. विनायकचा होता. "मॅडम, बाबा सकाळपासून कॅमेऱ्यात दिसत नाहीत. फोन घरातच वाजतोय. आई फाटकाशी उभी आहे. दोन तास झाले. मी निघालोय, पण तुम्ही जवळ आहात."

मी अर्धी रजा टाकून आले. मामी फाटकाच्या गजांत बोटं अडकवून उभ्या होत्या. ऊन डोक्यावर. ओठ सुकलेले. कुलूप बाहेरून घातलेलं.

"आवं, गाडी चुकली का त्यांची?" त्यांनी मला विचारलं.

मी गजांतून पाण्याचा तांब्या दिला. त्यांनी घेतला नाही. माझ्या घरातून स्टूल आणलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी भिंतीवरून उडी मारली. मामींना हाताला धरून चिकूखाली सावलीत बसवलं. पाणी प्यायल्या, दहीभात खाल्ला. मला उघड्या दारातून त्यांच्या चपला, देव्हारा, शेगडीवर उतू गेलेला चहा सगळं दिसत होतं. गॅस त्यांनी कसा काय बंद केला होता, देव जाणे. मग त्यांनी डोक्यावरच्या फांदीकडं बोट केलं. एकाच फांदीवर फूल होतं, बोराएवढी फळं होती, लिंबाएवढी होती आणि एक उतरायला आलेलं.

"ह्येला घाई नस्ती," त्या म्हणाल्या. "फुलाचं फळ हुया वरीस लागतंय. तवर त्यानं कुठं जायाचं?"

साडेचारला मामा आले. पायांवर धूळ, डोळे लाल. मी फार रागावले होते. जे बोलायचं नाही तेही बोलले असेन. मी थांबल्यावर त्यांनी पायरीवर बूड टेकलं.

"दूध आणाया म्हून भाईर पडलो. स्टँडावर गेलो. वडूज गाडी लागली हुती. ड्रायवरच्या मागच्या शिटावर बसलो. काच सरकवली. वारं लागलं, मॅडम. पाच वर्सांनी तोंडावर वारं लागलं."

"आणि मग?"

"वडूजला उतरलो. च्या घेतला. मग आटपाडीच्या गाडीत जाऊन बसलो. पुतण्या हाय तिकडं, त्याची डाळिंबं हायती. म्हनलं, तिथंच ऱ्हायचं. परत यायाचंच न्हाई. खरं सांगतो, परत यायाचं न्हाई असंच मनात हुतं."

मामी आमच्याकडं बघत नव्हत्या. मातीतल्या वाळक्या काड्या वेचून एका जागी रचत होत्या.

"मग का आलात?"

"बसलो की किल्ली पोटाला टोचाया लागली. हिकडं सरकवली, तिकडं सरकवली, टोचतेच. गाडी सुटायला धा मिनिटं हुती. उतरलो." त्यांनी चेहरा दोन्ही हातांनी पुसला. "लय चांगलं वाटाया लागलं हुतं, मॅडम. त्येच वंगाळ झालं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसरी किल्ली करून आणली आणि माझ्या हातात दिली. "एकट्याजवळ नगो. एकट्याजवळ असली की जड हुती." त्यानंतर मंगळवारी आणि शनिवारी दुपारी दोन तास मी मामींपाशी बसत असे. मामा तेवढ्यात किल्ल्याकडं चालत जाऊन येत. त्यापलीकडं गेले नाहीत.

विनायकनं मात्र तो दिवस विसरायचा नाही असं ठरवलं होतं. आईला पाचगणीकडच्या एका वृद्धाश्रमात ठेवायचं, तिथं अशा माणसांची सोय आहे, बाबांनी पुण्याला यायचं. वाद झाले. शेवटी मामा थकून हो म्हणाले. एका रविवारी मामींचं गाठोडं बांधलं, चार लुगडी, देवाचा फोटो, औषधं, आणि तिघं गाडीतून गेले. मी फाटकाशी निरोप दिला. त्या सकाळी मामींना मामा ओळखू येत होते. त्या खुशीत होत्या, कुठंतरी लग्नाला निघाल्यासारख्या.

रात्रीच्या जेवणाच्या वेळेला गाडी परत आली आणि गाठोड्यासकट मामी उतरल्या.

"जागा चांगली हाय," मामांनी मला नंतर सांगितलं. "खोटं कशाला बोलू? पोरी मायेनं बोलत्यात. फरशी अशी, आरशावाणी. बाग बी हाय, सगळी शोभेची. ही गेली आन् फिरली. एकेका झाडाशी जाऊन पान उलटं करून बघती, दुसऱ्याकडं जाती. मग त्या पोरीला इचारती, 'ह्येला लागतंय काय?' ती म्हनली, 'आजी, ह्याला काही लागत नाही, नुसती फुलं.' ही म्हनली, 'मग कशापायी लावलंय?' आन् जाऊन फाटकाचं गज धरून हुबी ऱ्हायली. तिथं बी फाटकच हाय की वो. म्हनलं, कोंडायचंच हाय तर हिच्या झाडांत कोंडू."

विनायक रागानं त्याच रात्री पुण्याला गेला. मामांच्या चेहऱ्यावर काही मोठा निर्णय घेतल्याचं तेज वगैरे नव्हतं. आपण आता सुटणार नाही हे कळलेल्या माणसाचा चेहरा होता तो. पहाटे उठून ते कैऱ्यांची गळ झाडायला लागले.

त्या दिवसांतच एकदा त्यांनी मला पेरू कापून दिला, वर तिखट-मीठ. मी खात होते. ते म्हणाले, "ड्युटीच्या डब्यात ही असं द्यायची. फोडी करून, पुडीत तिखट-मीठ. एकतीस वर्सं खाल्लं. मला वाटायचं, बाजारातनं आणती." त्यांनी पुढची फोड माझ्या ताटलीत टाकली. "एकदा बी इचारलं न्हाई कुठलं म्हून."

पुढं माझी बदली सांगलीला झाली. किल्ली मी मामांच्या हातात परत दिली तेव्हा त्यांनी ती लगेच घेतली नाही. म्हणाले, "कुणाला देऊ आता?" समोरच्या घरात नव्यानं राहायला आलेल्या बाईंशी मीच बोलून ठेवलं.

दोन वर्षं फोनवर चालू होतं. मामा फोनवर झाडांचंच सांगत. यंदा आंबा विश्रांतीला, नुसती पालवी. पेरूवर कलम बांधलंय, बघू. मामींचं विचारलं की, "हाय," एवढंच.

गेल्या फेब्रुवारीच्या शेवटी एका लग्नासाठी साताऱ्याला गेले होते. परतताना संध्याकाळी गाडी मामांच्या गल्लीत वळवली. आंबा मोहरानं गच्च भरला होता, त्याचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत येत होता. सीताफळाच्या काड्या झाल्या होत्या. मामी पायरीवर बसलेल्या, केस आणखी पांढरे, अंग निम्म्यावर आलेलं. मामा शिडीवरून चिकू उतरवत होते आणि मामी खालून बघत होत्या. मला त्यांनी ओळखलं नाही, पण पाहुणी म्हणून जवळ बसवून घेतलं.

"ह्यो माणूस चांगला भेटलाय बाई," मामांकडं बोट करून त्या मला सांगू लागल्या. "झाडं कळत्यात ह्येला. कुठलं पान कवा गळतंय, कुठलं फळ कवा उतरवायचं, समदं ठावं हाय. सांगावं लागत न्हाई."

मी मामांकडं पाहिलं. ते शिडीवर पाठमोरे होते.

"आमच्या मालकांला एक झाड वळखू येत न्हाई," मामी हसून म्हणाल्या. "गाडीवर असत्यात. येत्यात, जेवत्यात, झोपत्यात. सीताफळ आन् रामफळ सांगता यायाचं न्हाई त्यांला."

"कवा येत्यात मालक?" शिडीवरून मामांनी विचारलं. आवाजात काही नव्हतं, रोजचा प्रश्न असावा तसा.

"येत्याल की. दिवस मावळला की येत्यात." मग त्यांनी आकाशाकडं पाहिलं आणि उठल्या. मामा खाली उतरल्यावर टोपलीतले दोन चिकू निवडून त्यांच्या हातात ठेवले. "जावा आता. अंधार व्हाया लागला. तुमची बी माणसं वाट बघत असत्याल. दोन दिस तांदळात ठेवा, मग पोरांस्नी द्या."

"व्हय बाई," मामा म्हणाले. त्यांनी शिडी भिंतीला लावली, पायांत चप्पल घातली, कुलूप काढून बाहेर पडले आणि बाहेरून कुलूप लावलं. मी मामींचा निरोप घेतला, तेव्हा मामांनी येऊन मला बाहेर काढलं.

गल्लीत आम्ही दोघं उभे होतो. "रोज?" मी विचारलं.

"दिवाळीपासनं. न्हाई गेलो तर घाबरती. परका माणूस रातचा घरात कसा, म्हनती."

"मग आता?"

"थांबायचं घटकाभर हितं. लगेच गेलो तर वळखती, माळीच परत आला म्हून. लय येळ लावला तरी घाबरती, गाडीला काय झालं का म्हून." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. "शर्टाची वरची गुंडी लावायची, केस जरा मागं सारायचं. मग बराबर वळखती. जेवाया वाढती."

लांब, हमरस्त्यावरून वडूजची शेवटची बस वळण घेत गेली. तिचे दिवे घरांवरून सरकले. मामांनी तिकडं पाहिलं नाही. मी गाडी वळवून निघाले तेव्हा ते भिंतीला टेकून, दोन चिकू ओंजळीत धरून, घड्याळाकडं बघत उभे होते.